पहिल्या तासातला जँगो

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातलं लॉरेन्स हे गाव. तिथल्या ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या दैनिकाच्या वेब विभागात २००३च्या सुमारास एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन हे दोघे प्रोग्रामर पायथॉन भाषेत वेबसाइट बांधत होते. मागणी वृत्तपत्राची, म्हणजे घाईची. आज सुचलेलं सदर उद्या-परवा वाचकांपुढे हवं. तेच ते काम दरवेळी नव्याने करावं लागू नये म्हणून त्यांनी सामायिक भाग बाजूला काढत नेले आणि त्यातून जँगो हा फ्रेमवर्क आकाराला आला. २००५च्या जुलैत तो सर्वांसाठी खुला झाला. नाव जँगो राइनहार्ट या जाझ गिटारवादकाचं. होलोवाटी स्वतःही त्याच बाजाची गिटार वाजवतो. जँगोचं कौतुक बहुधा त्याच्या वेगासाठी होतं. वेग आहेच, पण मला भावतं ते त्याचं बोलणं. बातमीदार आणि उपसंपादकांच्या सहवासात वाढल्यामुळे असेल, पण कधी गप्प बसायचं, कधी टोकायचं आणि कधी हातातलं काम थांबवून विचारायचं, याची त्याला पक्की जाण आहे. नवा प्रकल्प उभा करतानाच्या पहिल्या तासात ती सर्वांत स्पष्ट दिसते. पुढे आपलाच कोड इतका वाढतो की त्याचा आवाज कमी ऐकू येतो.

उदाहरणाला एक छोटा प्रकल्प घेऊ. एका वाचनालयाकडे जुने दिवाळी अंक आहेत आणि त्यांची सूची वेबवर हवी आहे. डेटाबेसमध्ये टेबलं दोनच: नियतकालिक आणि अंक. पहिली नोंद अर्थात ‘मासिक मनोरंजन’ची, संपादक काशिनाथ रघुनाथ मित्र, अंक १९०९चा. जँगोची आवृत्ती ५.२ धरू.

प्रकल्प सुरू करण्याची आज्ञा ‘स्टार्टप्रोजेक्ट’. ती दिली की टर्मिनलवर काहीच उमटत नाही. ‘अभिनंदन’ नाही, तयार केलेल्या फायलींची यादी नाही. कर्सर पुढच्या ओळीवर येऊन थांबतो. इतर फ्रेमवर्क या क्षणी पडदाभर मजकूर ओततात. जँगोचं म्हणणं, सांगितलेलं काम झालं, त्यात सांगण्यासारखं काय? मात्र प्रकल्पाला ‘टेस्ट’ असं नाव देऊन बघा. या नावाचं मॉड्यूल पायथॉनमध्ये आधीच आहे, दुसरं नाव शोधा, असं सांगून तो तिथेच अडवतो. हे नाव पुढे चाललं असतं तर आठवड्याभराने भलत्याच ठिकाणी भलतीच चूक दिसली असती आणि तिचं मूळ कुणालाही सापडलं नसतं. यश मिळालं की मौन आणि धोका दिसला की बोलणं, हा त्याचा स्वभाव पहिल्याच आज्ञेत कळतो. (प्रकल्पाच्या फोल्डरात त्याच नावाचं आणखी एक फोल्डर असतं, ही मात्र जुनी खोड. नवशिक्यांना ती हमखास चकवते आणि तिचं समर्थन मला करता येत नाही.)

फोल्डरात ‘मॅनेज डॉट पाय’ नावाची फाइल मिळते. जेमतेम २२ ओळींची. बहुतेक जण ती आयुष्यभर चालवतात, पण उघडत नाहीत. ती उघडून पाहावी ती एका वाक्यासाठी. जँगो सापडला नाही तर फाइल चूक दाखवते आणि सोबत विचारते: व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट सुरू करायला विसरलात का? पायथॉन शिकणाऱ्याच्या हातून सर्वाधिक वेळा घडणारी चूक हीच, आणि लेखकाने तिचा अंदाज आधीच बांधून ठेवलाय. मूळ तांत्रिक चूकही तो दडवत नाही. ‘फ्रॉम’ हा शब्द वापरून ती या प्रश्नाला जोडतो, म्हणजे जाणकाराला खरं कारण दिसतं आणि नवख्याला उपाय. बावीस ओळींत दोन्ही वाचकांची सोय झालेली असते.

‘सेटिंग्ज’ची फाइल मात्र सावकाश वाचावी. सुरुवातीलाच गुप्त किल्ली येते, ५० यादृच्छिक अक्षरांची. तिच्या आधी ‘जँगो-इनसिक्युअर’ असा उपसर्ग जोडलेला असतो. म्हणजे फ्रेमवर्क स्वतःच बनवलेल्या किल्लीवर ‘असुरक्षित’ असा शिक्का मारून ती आपल्या हाती देतो. हा शिक्का नुसता दिखाऊ नाही. साइट खऱ्या सर्व्हरवर चढवण्याआधी ‘चेक’ या आज्ञेला ‘डिप्लॉय’चा पर्याय जोडून चालवलं की तपासणी नेमका हा उपसर्ग शोधते आणि अजून तीच किल्ली आहे म्हणून इशारा देते. किल्लीखाली ‘डिबग’चा स्विच. तो चालू आहे आणि प्रत्यक्ष वापरात चालू ठेवू नका, अशी टीप डोक्यावर. तो बंद करावा, तर ‘अलाउड होस्ट्स’ची यादी रिकामी असल्यामुळे सर्व्हर चालवणारी ‘रनसर्व्हर’ ही आज्ञा सुरूच व्हायला नकार देते. साइट कोणत्या नावाने हाक मारल्यावर ओ देणार हे ठरवल्याशिवाय पुढची पायरी नाही. कळफलकावर बोटं धावत असताना सुरक्षेचे धडे कुणी वाचत नाही, हे ओळखून ते धडे अडथळ्यांच्या रूपात मांडलेत.

याच फाइलमध्ये कालविभाग येतो. नव्या प्रकल्पात तो ‘यूटीसी’ असतो. आपण तिथे ‘एशिया/कोलकाता’ लिहितो. पण ही ओळच खोडून टाकली तर? मग जँगो त्याच्या मूळ गाभ्यातल्या मूल्याकडे वळतो, आणि ते आहे ‘अमेरिका/शिकागो’. लॉरेन्सच्या घड्याळाचा कालविभाग तोच. जगभर पसरलेल्या या फ्रेमवर्कच्या पोटात त्या गावच्या दैनिकाची वेळ अजून टिकटिकते आहे. जुन्या साइट मोडू नयेत म्हणून ती बदलली नाही, एवढंच त्याचं स्पष्टीकरण. मला ती बदलू नये असंच वाटतं.

सर्व्हर सुरू करा. ब्राउझरमध्ये उडणारं रॉकेट दिसतं आणि सगळ्यांची नजर तिकडेच जाते. टर्मिनलवरचा लाल मजकूर त्याहून वाचनीय आहे: १८ मायग्रेशन्स, म्हणजे डेटाबेसच्या रचनेतले बदल, लागू करायच्या बाकी आहेत, त्या अमुक चार ॲप्सच्या आहेत, आणि त्या लागू करेपर्यंत प्रकल्प नीट चालेलच असं नाही. त्याखाली त्यासाठीची आज्ञा, जशीच्या तशी उचलून टाइप करता येईल अशी. तरीही सर्व्हर थांबत नाही, आणि हा फरक विचारपूर्वक केलेला आहे. होस्टची यादी नसली तर तो चालायला नकार देतो. टेबलं नसली तर इशारा देऊन चालतो. कारण पहिल्यात बाहेरच्या जगाला धोका आहे, दुसऱ्यात फक्त आपली गैरसोय. याच वेळी फोल्डरात डेटाबेसची फाइल अवतरलेली असते, शून्य बाइट्सची. मायग्रेशन्स तपासताना एसक्यूलाइटने दार उघडून पाहिलं, त्याची ती खूण.

रॉकेटचं पान कधी दिसावं यातही बारकावा आहे. आपण एकही पत्ता नोंदवलेला नसेल तरच ते दिसतं. पण नव्या प्रकल्पात ॲडमिनचा, म्हणजे नोंदी सांभाळायच्या तयार विभागाचा, पत्ता आधीपासून असतोच. म्हणून कोडमध्ये खास तपासणी आहे, की मुखपृष्ठ मागितलंय आणि नोंदवलेला एकमेव पत्ता ॲडमिनचाच आहे, तर तो धरायचा नाही. आपण पहिला पत्ता लिहिला की रॉकेट आपोआप हटतं. स्वागताचं पान पुसायला वेगळं काम उरत नाही. आणि पत्ता चुकला तर ‘सापडलं नाही’ एवढ्यावर बोळवण होत नाही. कोणकोणते नमुने कोणत्या क्रमाने जुळवून पाहिले त्याची यादी येते. कोड फाटला तर येणारं पिवळं पान त्याहून बोलकं: प्रत्येक पायरीवर कोणत्या चलात काय होतं ते सगळं उलगडून ठेवलेलं, खाली सेटिंग्जसुद्धा. फक्त ज्यांच्या नावात ‘पास’, ‘टोकन’, ‘सिक्रेट’, ‘की’ असे शब्द आहेत, त्यांच्यापुढे तारकांची रांग. पान आपल्याच पडद्यावर, आपल्याच यंत्रावर. तरी पासवर्ड झाकलेला. पडद्याचा फोटो काढून मदतीसाठी दुसऱ्याला पाठवायची माणसांची सवय ज्याने ओळखली, त्याला दाद द्यावी.

आता मॉडेल्स. ‘मॅगझिन’ आणि ‘इश्यू’ असे दोन वर्ग लिहायचे आणि प्रत्येक अंक कोणत्या नियतकालिकाचा हे ‘फॉरिन की’ने सांगायचं. इथे जँगो एक प्रश्न टाळू देत नाही: नियतकालिकाची नोंद पुसली तर तिच्या अंकांचं काय करायचं? ‘ऑन डिलीट’ हा तपशील २.० या आवृत्तीपासून सक्तीचा आहे. पूर्वी लिहिला नाही तर ‘कॅस्केड’ गृहीत धरलं जाई, म्हणजे नियतकालिक गेलं की अंकही गेले, आणि पुसणाऱ्याच्या ते गावीही नसे. आता उत्तर लिहिल्याशिवाय वर्ग तयारच होत नाही. आपण ‘प्रोटेक्ट’ निवडू: अंक शिल्लक असतील तर नियतकालिक पुसता येणार नाही. सोय कमी करून शहाणपण वाढवणारे बदल सॉफ्टवेअरमध्ये विरळा. हा त्यातला एक.

मॉडेल लिहिलं, म्हणजे डेटाबेसला अजून काहीच माहीत नाही. ‘मेकमायग्रेशन्स’ने आधी बदलांचा मसुदा निघतो, ‘मायग्रेट’ने तो अमलात येतो. या दोन आज्ञांमधलं अंतर ही जँगोची सर्वांत देखणी जागा, आणि तिथे घाई करू नये.

समजा शंभर अंकांची नोंद झाल्यावर लक्षात आलं की किंमत लिहायची राहिली. मॉडेलमध्ये ‘प्राइस’ची ओळ घातली, रिकामं चालणार नाही असं ठरवलं आणि मसुदा मागितला. जँगो थांबतो. आधीच्या ओळींत ही जागा रिकामी कशी ठेवू, असा त्याचा सवाल, आणि दोन वाटा समोर: एकवेळचं मूल्य आत्ता द्या, किंवा बाहेर पडून मॉडेलमध्येच कायमचं मूल्य लिहा. यातला ‘एकवेळचं’ हा शब्द मोलाचा. जुन्या अंकांना भरायला शून्य दिलं, तरी उद्याच्या नव्या अंकाला शून्य आपोआप मिळणार नाही. जुन्या नोंदींची अडचण आणि नव्या नोंदींचा नियम या दोन गोष्टी माणसं सर्रास एकत्र करतात. एका छोट्या प्रश्नात त्या वेगळ्या झाल्या. पुढे ‘प्राइस’चं नाव बदलून ‘कॉस्ट’ केलं, तर तो विचारतो: हा जुन्याचाच नवा अवतार का? आणि ठरलेलं उत्तर ‘नाही’ असतं. नुसतं एंटर दाबलं तर जुना रकाना जातो आणि नवा येतो. मला विचाराल तर हे ठरलेलं उत्तर उलटं असायला हवं होतं, कारण घाईतल्या माणसाचा एंटर महाग पडतो. पण विचारलं जातं हेही कमी नाही. मजकुराची तुलना करून यंत्राला ‘एक गेलं, एक आलं’ एवढंच कळतं. माणसाच्या मनात नामांतर होतं की फेरबदल, हे मसुद्यातून कळणं शक्य नाही. आपल्याला काय कळत नाही हे त्याला माहीत आहे.

मसुदा तयार झाला की ‘एसक्यूएलमायग्रेट’ चालवावं. ही आज्ञा काहीही बदलत नाही. काय बदलणार आहे ते डेटाबेसच्या भाषेत वाचून दाखवते. किमतीच्या त्या एका रकान्यासाठी एसक्यूलाइटवर अख्खी मिरवणूक निघते. ‘न्यू’ आणि जोड-अधोरेखा अशा उपसर्गाचं नवं टेबल बांधलं जातं, जुन्यातल्या सगळ्या ओळी त्यात ओतल्या जातात, जुनं टेबल पाडलं जातं आणि नव्याला जुन्याचं नाव दिलं जातं. हे सगळं एकाच व्यवहाराच्या कुंपणात. मध्येच काही बिनसलं तर काही घडलंच नव्हतं. तीच मायग्रेशन पोस्टग्रेससमोर ठेवली की मजकूर दोन ओळींवर येतो: ठरावीक मूल्यासह रकाना जोडा, मग ते ठरावीक मूल्य काढून टाका. मघाचं ‘एकवेळचं’ म्हणजे काय, ते या दुसऱ्या ओळीत डोळ्यांनी दिसतं. पायथॉनमधला मसुदा एकच आणि दोन डेटाबेसांसाठी दोन वेगळ्या कृती, त्याही आपल्याला आधी वाचायला मिळतात. यंत्राने लिहिलेलं एसक्यूएल माणसाने वाचण्याजोगं असावं, हा आग्रह मला फार सुसंस्कृत वाटतो.

मग शेल उघडून १९५०पूर्वीचे अंक मागावेत. चौकशी लिहिली आणि एखाद्या नावाला जोडून ठेवली, तरी डेटाबेसकडे कुणीही गेलेलं नसतं. त्यावर आणखी गाळण्या लावा, क्रम बदला. सगळं कागदावरच राहतं. प्रत्यक्ष उत्तर पाहायची वेळ आली की एकच चौकशी जाते. शेलमध्ये उत्तर छापताना तो पहिल्या वीस नोंदी दाखवतो आणि पुढे आणखी आहेत असं सांगतो. यासाठी तो मागतो एकवीस. एकविसावी आली तर ‘आणखी आहेत’ म्हणायचं, नाही आली तर यादी संपली. एकूण मोजायला वेगळी चौकशी नाही आणि लाखभर ओळी चुकून पडद्यावर ओतण्याचा धोकाही नाही. एक जास्तीची नोंद मागून दोन अडचणी सोडवणारा हा हात मला फार आवडतो.

ॲडमिनसाठी वापरकर्ता घडवताना पासवर्ड अगदी सोपा दिला तर तो वीस हजार प्रचलित पासवर्डांच्या यादीशी ताडून जँगो नाक मुरडतो, पण तरीही चालवायचं का असंही विचारतो. यंत्र तुमचं, निर्णय तुमचा. साठवताना मात्र तडजोड नाही: ५.२मध्ये पासवर्डावर दहा लाख वेळा प्रक्रिया होते, आणि हा आकडा आवृत्तीगणिक वाढवत नेलेला आहे.

आणि ॲडमिन. मॉडेल नोंदवायला एक ओळ, की नोंदी भरायचा, बदलायचा, पुसायचा सगळा कारभार तयार. हा भाग वृत्तपत्रातून आला हे सांगावं लागत नाही. तारखेवरून वर्ष, महिना, दिवस असं खाली उतरत जाणारी पट्टी आहे. शीर्षक टाइप करता करता पत्त्यासाठीचा स्लग आपसूक भरला जातो. नियतकालिकाच्या यादीशेजारी अधिकचं चिन्ह आहे. ‘मनोरंजन’ यादीत नसेल तर छोट्या खिडकीत तिथल्या तिथे भरायचं, खिडकी मिटली की तेच निवडलेलं, अर्धवट भरलेली अंकाची नोंद जागच्या जागी. पण माझं आवडतं बटण ‘जतन करा आणि आणखी एक जोडा’. हे बटण ज्याने ठेवलं, त्याने शेजारी कागदांचा ढीग घेऊन बसलेलं माणूस जवळून पाहिलेलं असणार. कालविभाग यूटीसीच ठेवला तर वेळेच्या रकान्याखाली जँगो बारीक अक्षरांत सांगतो, की तुम्ही सर्व्हरपेक्षा ५.५ तास पुढे आहात.

भाषेच्या खान्यात मराठीचा संकेत लिहिला की ॲडमिनचा बराचसा भाग मराठी होतो. भाषांतर स्वयंसेवकांनी केलेलं, जँगोसोबतच येतं. आणि इथेच दोन खडे लागतात. मॉडेलचं नाव ‘अंक’ ठेवलं की अनेकवचनासाठी जँगो त्याला सरळ इंग्रजी एस चिकटवतो. त्याचा स्पर्धक रेल्स इंग्रजी अनेकवचनांचे अपवादसुद्धा सांभाळतो. जँगो त्या भानगडीतच पडत नाही, आणि अनेकवचन वेगळं लिहिण्यासाठी एक ओळ देऊन मोकळा होतो. रेल्सची हौस इंग्रजीपुरतीच कामाची असल्यामुळे मला जँगोचा रोखठोकपणा पटतो. दुसरा खडा मोठा आहे. युनिकोडला परवानगी देऊन ‘मराठी’चा स्लग मागा, हाती येतं ‘मरठ’. अक्षर कोणतं हे ठरवताना वापरलेल्या नियमाच्या लेखी काना-वेलांटी अक्षरंच नव्हेत. गंमत अशी, की पायथॉनचं स्वतःचं व्याकरण चलांच्या नावात मात्रा निमूट स्वीकारतं. एवढ्या सूक्ष्म कानाच्या कारागिराला ही मात्रा ऐकू येऊ नये याची चुटपुट लागते. तोवर स्लग बनवणारं छोटं फंक्शन आपणच लिहायचं.

शेवटी ‘मनोरंजन’ची नोंद पुसून पाहू. लगेच काही होत नाही. नवं पान उघडतं आणि त्यावर लिहिलेलं असतं, की हे नियतकालिक पुसायचं तर पुढील संरक्षित नोंदी पुसाव्या लागतील. खाली १९०९चा अंक, नावासह, त्याच्या नोंदीकडे नेणाऱ्या दुव्यासह. ‘होय, मला खात्री आहे’ हे बटण या पानावर ठेवलेलंच नाही.